भिजत घोंगडं

सहावा भाग संपला आणि सगळे उतरले एथ्नाच्या दुकानात.
तळणीचा धूर, काचेवर व्हिनेगरची वाफ,
बाहेर स्कॉटलंडला निघालेली शेवटची बोट,
आणि डोंगरामागे ती खाण,
जिच्यात तीन उन्हाळे
प्लायवूडचा किल्ला उभा आहे.
ॲन्ट्रिमच्या या किनाऱ्यावर निम्मं गाव
कधी ना कधी त्या किल्ल्यासाठी मेलंय, रोजावर.

भांडण एका वाक्याचं.
आठशे पानी कादंबरी, पान चारशे बारा:
त्या हिवाळ्यात कॉर्वन आणि इस्टल
एकाच घोंगडीखाली निजले.
बस्स. पुढच्या ओळीत लगेच घोड्यांचा चारा.

पडद्यावर घोंगड्या दोन होत्या.
मध्ये शेकोटी.

ब्रोना म्हणाली, पुसलं आपल्याला.
चौदाव्या वर्षी ते पान मी इतकं वाचलं
की पुस्तक आपोआप तिथेच उघडायचं.
आईनं नुसतं हातात घेतलं
तरी माझ्या पोटात गोळा.

फर्गल म्हणाला, पुसायला आधी लिहिलेलं लागतं.
थंडी होती. सैनिक होते. घोंगडी एकच होती.
प्रत्येक गोष्टीत तेच कशाला शोधायचं?

तेच म्हणजे काय रे? नाव घे की,
टीअरनन म्हणाला.
फर्गलनं बटाट्यांवर मीठ टाकलं.
मग पुन्हा टाकलं.

लेखिकेच्या मनात काय होतं
यावर अर्धा तास गेला.
ती वारली त्याला नऊ वर्षं झाली.

टीअरनन बस चालवतो, बोलतो कमी.
मला चुंबन नकोय, म्हणाला,
दाखवलं की दोन भागांत मारून टाकतात.
मला इस्टल म्हातारा झालेला बघायचाय.
चिलखताला गंज,
गुडघे धरलेले,
आणि कॉर्वन कुरकुरत तेल चोळतोय.

मी गप्प. घोंगडी माझ्या मागावरची.
एकच मागवली होती, दोघांना पुरेल एवढी,
काळ्या मेंढीची लोकर, चारी बाजूंना तांबडा काठ,
चहात बुडवून जुनी केलेली.
चित्रीकरणही झालं होतं, मी कड्यावरून पाहिलं:
पावसाचं यंत्र बिघडलेलं,
झोपेचं सोंग घेता घेता दोघं खरंच झोपले,
आणि मग जे झालं
ते सांगायचं नाही या कागदावर माझी सही आहे.
एका गुरुवारी घोंगडी परत आली.
कापा. दोन करा. सोमवारी हव्यात.
मी कापली.
पैसे चोख आले, छपराची गळती त्यातच निघाली.

एथ्ना मालिका बघत नाही,
ड्रॅगनची डरकाळी तिच्या कुत्र्याला सोसत नाही.
झारा निथळवत म्हणाली,
मॉडचं आणि माझं एकच पांघरूण होतं. एकतीस वर्षं. इथेच, वर.
लोक म्हणायचे, बिचाऱ्या! कोळसा किती महागलाय.
आम्हीही म्हणायचो, हो ना,
फारच महागलाय.

कोण मॉड? फर्गलनं विचारलं. पोस्टातली?
तीच. तुझ्या आजीला पेन्शन मोजून द्यायची.

हे, हे दाखवायला हवं! ब्रोना उठलीच.
मला कशाला दाखवताय, एथ्ना म्हणाली,
तेल तापलंय, मासा कुणाला हवाय?
की पुन्हा सुरू: दाखवणं म्हणजे काय,
आणि न दाखवता असणं म्हणजे काय.
घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

मी कोट चढवला. दारात थांबून म्हणालो,
अडतिसाव्या मिनिटाला चित्र थांबवा.
काठ बघा. तीनच बाजूंना आहे.
चौथा लावायला सांगितला होता.
वेळ नव्हता, असं मी कळवलं.

सगळ्यात आधी फोन काढला
तो फर्गलनं,
मिठाची बोटं पँटला पुसत.